ताण्याची पट्टी

जर्मनची लढाई संपली आणि नगरपालिकेच्या डोक्यात नकाशा शिरला. लोकांनी राहायचं कुठं, दुकानं कुठं, धंदे कुठं, सगळं रंगीत पेन्सिलीनं ठरलं. आजवर गाव आपलं मनाला येईल तसं वाढलं होतं. आता म्हणे त्याला शिस्त लावायची! सणगर गल्लीमागची उघडी पट्टी दुकानांच्या रंगात गेली, आणि घोंगडी विणणाऱ्या सणगरांच्या वाट्याला जागा आली ती ओढ्यापलीकडं, चुन्याच्या भट्ट्यांना खेटून.

हरणाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवरा गेल्यावर तिनं मागावर बसून दोन लेकी उजवल्या होत्या. घोंगडं मागावर चढायच्या आधी त्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, उघड्यावर लांबच्या लांब ताणायचा, त्याला चिंचोक्याची खळ चोपडायची आणि उन्हात वाळवायचा. घरात मावतो होय तो? आणि भट्टीपाशी ओल्या खळीवर चुना बसला की धागा पटापटा तुटणार. पट्टी गेली म्हणजे माग गेला, आणि माग गेला की जावयाच्या दारात तुकडे मोडायचे. मेले तरी जायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

ती तडक नगरपालिकेत गेली. प्रेसिडेंट दादासो उसाचे मोठे बागायतदार. बोलले मात्र गोड.

"हरणाबाई, दुकानं झाली की गावाचंच भलं हाय. आन तुमास्नी जागा दिलीया की."

"तुमी बघितलीया का ती?"

"नकाशात बघितली."

"मग नकाशातच इना घोंगडी!" म्हणून ती उठली.

मोजणीच्या दिवशी तिनं सकाळीच पट्टीवर ताणा घातला. खळीचं भांडं घेऊन कुंचा फिरवायला लागली. शेजारची रंगुबाई दारातून बघत होती. विहिरीवरच्या भांडणापासून दोघींत अबोला होता, तेव्हा मदतीचं नावच नको.

ओला ताणा सणगरांत कुणी ओलांडत नाही. पोर रडत असलं तरी आई वळसा घालूनच जाते. बाकीचं गावही ते पाळत आलेलं. हरणाबाईचा सगळा भरवसा त्यावर होता.

उन्हं वर आली तशी मंडळी आली. दादासो, साताऱ्याहून आलेला ओव्हरसियर साहेब, आणि मोजणीची साखळी धरलेला जोतीराम. हा जोतीराम पलटणीतून सुटून नुकताच पालिकेत लागलेला. ताण्यापाशी येऊन तो थांबला.

"सायेब, ताणा वला हाय. मी न्हाई वलांडत."

"काय खुळचटपणा लावलाय!" साहेबानं त्याच्या हातातलं साखळीचं टोक हिसकावलं आणि ढांग टाकून सरळ पलीकडं गेला.

काही झालं नाही. साहेब ठेचकाळला नाही की धडपडला नाही. उलट हसला. वळसा घालायला निघालेले दादासो ते बघून थांबले, धोतराचा सोगा उचलला आणि तेही ओलांडून गेले. त्यांच्या पायताणानं चार धागे तुटले, तिकडं त्यांनी बघितलंही नाही.

आज्या-पणज्यांनी पाळलेली गोष्ट, आणि दोन माणसांनी बघता बघता मोडली! आता अडवायला हरणाबाईपाशी उरलं काय? क्षणभर तिला रडूच फुटणार होतं. पण ते तुटलेले धागे तिच्या नजरेला पडले आणि डोकं भडकलं. कुंचा फेकून ती साखळीच्या वाटेतच, ताण्याशेजारी मातीत आडवी झाली.

"धाग्यात काय न्हाई म्हनता न्हवं? मग आता मला वलांडा!"

साहेब म्हणाला, "जोतीराम, उचल हिला."

जोतीरामनं हातातली उरलेली साखळी खाली टाकली. "मला जमायचं न्हाई. तुमचं तुमी बघा."

तेवढ्यात दारातली रंगुबाई तरातरा आली. हरणाबाईला वाटलं, आता ही हसणार. रंगुबाई पदर खोचून म्हणाली, "सरक गं जरा, मला पाय लांब करू दे," आणि तीही शेजारी आडवी झाली. मग काय! गल्लीतल्या बाया एकेक करून आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या हाताला खळ. सगळ्या पट्टीभर आडव्या झाल्या.

दादासो खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "हरणाबाई, उठा. समदं गाव बघतंय."

"बघू द्या की! नकाशात आमास्नी वलांडलंसा, तवा कोन बघत नव्हतं."

साहेबानं स्वतःच साखळी गोळा केली. "उद्या पोलीस घेऊन येतो," असं बजावून तो निघाला.

"आना की," हरणाबाई पडल्या पडल्याच ओरडली, "उद्या रंगूचा ताणा हाय!"