पाय तळ्यावर गेलेत

माझ्या बायकोला, इर्मेलीला, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता. उष्णतेने तिचे पाय लुळे पडायचे, अंग निवलं की परत चालायचे. तरी शनिवारची सौना, लाकडी खोलीतलं ते गरम वाफेचं स्नान, तिने कधी सोडली नाही. दार किलकिलं ठेवून ती सगळ्यात खालच्या फळीवर बसायची. मग मी तिला उचलून ओसरीवर आणायचो, मानेवर ओला पंचा टाकायचो आणि विचारायचो, "पाय कुठे गेले?"

"तळ्यावर गेलेत. येतील."

आणि ते यायचे.

जूनमधल्या एका शनिवारी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिच्या बहिणीच्या, तेर्तूच्या, मुलीचा दृढीकरणविधी होता. पोरीची धर्ममाता इर्मेलीच. गर्दीतून लघवीसाठी उठावं लागू नये म्हणून दोन दिवस तिने पाणी जवळजवळ तोडलं होतं.

"आज वेळ लागतोय," मी म्हणालो.

"सौना जास्त तापवलीस, म्हाताऱ्या."

"लाकडं ओली होती. तापली कुठे?"

पंचा काढून मी कपाळाला हात लावला. कपाळ भाजत होतं.

"लघवीला जळजळ होतेय का?"

"कमरेखालचं मला काही कळतं का? उगाच विचारतोस."

"सकाळी नळीने काढलीस ती कशी होती?"

ती तळ्याकडे बघत राहिली. "गढूळ. सोमवारी फोन कर. उद्याचा दिवस जाऊ दे."

नर्सने आम्हाला बजावलं होतं: पाय अचानक गेले तर आजार वाढला असं समजू नका, आधी लघवी तपासा. मी फोन केला.

लघवीत संसर्ग निघाला. औषधाने ताप उतरला आणि पायही आले. रविवार मात्र दवाखान्यात गेला.

"तू पडली असतीस," मी म्हणालो.

"पडले असते. पण चर्चमध्ये पडले असते."

त्यानंतर मी रोज विचारायचो आणि ती रोज म्हणायची, "स्वच्छ आहे." मला बघू द्यायची नाही.

ऑक्टोबरात गावातले सगळे मूसच्या, त्या थोरल्या रानहरणांच्या, शिकारीला निघाले. मी रेंगाळत होतो.

"जा रे," ती म्हणाली. "तुझी चौकशी ऐकून माझे कान किटलेत."

रविवारी परत आलो तेव्हा ती बिछान्यात होती. मला तिने ओळखलं, पण तिचं बोलणं जुळत नव्हतं. संसर्ग रक्तात गेला होता. दवाखान्यात त्यांनी खूप केलं. उपयोग झाला नाही.

दफनानंतर चर्चच्या खोलीत कॉफी होती. तेर्तू माझ्या शेजारी येऊन बसली. बशीतल्या केकला तिने हात लावला नव्हता.

"शनिवारी तिचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाली, सौना जास्त तापली, पाय तळ्यावर गेलेत. मी म्हटलं, मग गळ टाक, सापडतील. हसलो आम्ही दोघी. तेव्हा ती बरी होती ना रे?"

घरची सौना मीच पेटवायचो. त्या शनिवारी मी रानात होतो. आल्यावर पाहिलं तर सौनाच्या चुलीत आदल्या आठवड्याची राख तशीच गार होती.

तेर्तू माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "सौना जरा जास्तच तापली होती."