पाय धुण्याआधी

आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा एक नियम आहे, आणि तो मोडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या. जो धुणार तो गुडघ्यांवर बसतो आणि पाण्याला हात लावायच्या आधी समोरच्याला सांगतो, मी तुझं अमुक वाईट केलं. स्पष्ट सांगायचं, मोघम चालत नाही. मग पाय धुवायचे. मग ज्याचे धुतले तो उठतो, टॉवेल कमरेला बांधतो, आपली चूक सांगतो आणि पहिल्याचे पाय धुतो. एकतर्फी कारभार नाही. पाळकाच्या हाताखालचा डीकन पर्व्हिस दरवर्षी माझ्या भावाला सांगायचा, "तुझी शिडी नेली होती, अजून दिली नाही." अकरा वर्षं तीच शिडी! मेल्याने एकदाची आणून द्यावी की नाही?

हा माझा भाऊ हॉरेस. वय अठ्ठ्याहत्तर. मी लुव्हेनिया, त्याची धाकटी बहीण, घरातल्यांची व्हीनी. दोघांचंही आयुष्य टेकडीवर गेलं. टेकडी म्हणजे आमच्या गावची युनिव्हर्सिटी. ख्रिश्चन युनिव्हर्सिटी. तसं फाटकावर लिहिलंय, बसवर लिहिलंय, कपबशीवरसुद्धा लिहिलंय. मी तिथल्या भटारखान्यात तेहतीस वर्षं काढली, म्हणून मला कपबशीचं ठाऊक.

हॉरेस तिथे शिकायला गेला होता. त्रेसष्ट सालची गोष्ट, तेव्हा टेकडीवर गोरीच पोरं घेत, आम्हा काळ्यांना नाही. त्याने टपालाने अर्ज केला. अर्जात गुण विचारले होते आणि पाळकाचं शिफारसपत्र मागितलं होतं, फोटो मागितला नव्हता. गुण उत्तम, शिफारस उत्तम, प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. आईने शेजारणीकडून मशीन आणून त्याला सूट शिवला. दादा ट्रंक घेऊन टेकडी चढला आणि त्याला बघून दारातल्या माणसांचे चेहरे पडले. त्यांनी त्याला मागच्या दाराने भटारखान्यात नेलं, पीचची गोड पेस्ट्री खायला घातली, आणि ती तो खात होता तेवढ्या वेळात दुसरं पत्र टाइप केलं.

ते पत्र मला पाठ आहे. "प्रिय हॉरेस, तुझे गुण आणि चारित्र्य उत्तम आहे. परंतु देवाने प्रत्येक वंशाला आपापली जागा नेमून दिली आहे, आणि ती बदलण्याचा अधिकार आम्हाला नाही. तुला काम हवे असल्यास आमच्या सफाई खात्यात विश्वासू माणसांची गरज असते." खाली सही, डॉ. मायलम, अध्यक्ष.

मी असते तर तो कागद त्यांच्या तोंडावर फेकला असता. असं मी आज म्हणते. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, बाप वारला होता, आई अंथरूण धरायला लागली होती. दादा चार दिवस घराबाहेर पडला नाही आणि पाचव्या दिवशी तो झाडू मागायला टेकडीवर गेला. एक्केचाळीस वर्षं त्याने तिथलं चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर, झाडलं. मधेच कधीतरी त्या चॅपलला त्याच मायलमचं नाव दिलं, आणि दर शनिवारी पितळी अक्षरं घासायचं काम कोणाकडे आलं? आमच्याच हॉरेसकडे.

त्याला ग्रीक शिकायचं होतं. प्रभूचं वचन मुळातून वाचायचं होतं. संध्याकाळी वर्ग सुटले की तो फळा पुसायला जायचा आणि हळू पुसायचा, एकेक ओळ वाचत. असं करत करत शिकला. योहानाचा तेरावा अध्याय, जिथे प्रभू शिष्यांचे पाय धुतो, तो त्याला ग्रीकमध्ये येतो. टेकडीवर हे कोणाला ठाऊक नाही. कोणी विचारलंच नाही.

फेब्रुवारीत टेकडीचे नवे अध्यक्ष डॉ. केसलर आमच्या ओसरीवर आले. बरोबर केंड्रा नावाची पोरगी होती, आपल्यातलीच. टेकडीने काळ्या-गोऱ्यांच्या समेटाचं एक नवं खातं काढलंय, त्यात ती एकटी. दादाची हकिगत तिनेच जुन्या फायलींतून शोधून काढली होती.

केसलर माणूस गोड. गोड चहा दोनदा मागून प्यायले. म्हणाले, "भाऊ हॉरेस, आम्हाला पश्चात्ताप करायचा आहे. चॅपलमध्ये, सगळ्या विद्यार्थ्यांसमोर, मी स्वतः तुमचे पाय धुणार आहे."

दादाने बूट मागे ओढले. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं साखरेच्या आजारात गेली आहेत. आमच्या चर्चशिवाय तो कुठे मोजे काढत नाही, डॉक्टरकडेसुद्धा कुरकुर करतो.

"मला दुसरं काही नको," तो म्हणाला. "ते पत्र त्या व्यासपीठावरून वाचा. अख्खं, सहीसकट. मग खुशाल पाय धुवा."

केसलरांनी छातीवर हात ठेवला. "मी यावर प्रार्थना करीन."

ते गेल्यावर मी हसत सुटले. "दादा, मिळालं तुला उत्तर! टेकडीवर 'प्रार्थना करीन' म्हणजे 'नाही'. मी मुख्य स्वयंपाकीण व्हायला तीनदा अर्ज केला. तीनदा त्यांनी प्रार्थना केली, आणि तिन्ही वेळा देवाला व्यवस्थापकाचाच कोणी नातेवाईक पसंत पडला."

"तू वाकडंच बघणार," दादा म्हणाला. "माणूस प्रार्थना करीन म्हणाला, तर करील. आणि प्रार्थना केली तर देव त्याला दुसरं काय सांगणार आहे?"

"पण वाचलं नाही तर?"

"व्हीनी, वेडी का तू? चूक सांगितल्याशिवाय पाय कसे धुणार? असं कुठे असतं?"

आता सांगा, या माणसाशी काय भांडायचं! त्याने पाय धुणं पाहिलं होतं ते आमच्या चर्चमध्ये. त्याच्या हिशेबी ते लोक एकदा गुडघ्यांवर बसले की त्यांना पत्र वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साठ वर्षं जे बोलले नाहीत ते त्यांना पाण्याआधी बोलावंच लागणार होतं. मला वाटलं, असेलही. खोटं कशाला बोलू, मलाही आशा लागली. मार्चमधल्या त्या सकाळी मी त्याच्या पायांची नखं कापली, भेगांना व्हॅसलीन चोळलं, नवे काळे मोजे चढवले. तो आरशासमोर उभा राहून टाय बांधत होता आणि ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटत होता. इतका तरतरीत मी त्याला वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता.

आम्ही तासभर आधी पोचलो. दादा सरळ व्यासपीठावर गेला. वक्त्यासमोरच्या त्या लाकडी मेजाला त्याने एक्केचाळीस वर्षं पॉलिश केलंय, त्याचा कानाकोपरा त्याला माहीत. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने पत्र काढलं. नक्कल नव्हे, अस्सल. घड्या उलगडून मेजावर बरोबर मधोमध ठेवलं.

"अरे, अस्सल कशाला आणलंस?" मी म्हणाले.

"वाचताना त्यांच्या हातात खरं असू दे."

चॅपल भरलं. हजेरी सक्तीची असते, पोरं दारात कार्ड लावून आत येतात. गिटारवाले झाले, दोन गाणी झाली. केंड्राने आम्हाला पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. मी हळूच विचारलं, "वाचणार ना गं?" तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आत्या, मी तीन वेळा लिहून पाठवलं त्यांना," एवढंच म्हणाली.

केसलर मेजापाशी आले. त्यांनी खिशातून स्वतःचा कागद काढला. गतकाळातल्या वेदना, म्हणाले. काही जखमा, म्हणाले. आपण सगळेच कुठे ना कुठे कमी पडलो, म्हणाले. आपण सगळेच! मायलमचं नाव नाही, त्रेसष्ट साल नाही. 'काळा' हा शब्दसुद्धा तोंडातून बाहेर आला नाही. मग त्यांनी बाह्या वर सारल्या, कोणीतरी नवंकोरं पांढरं घमेलं आणलं, आणि ते दादासमोर गुडघ्यांवर बसले.

दादा वाट बघत होता. मला त्याचा चेहरा दिसत होता. तो किंचित पुढे झुकला होता, ऐकू नीट यावं म्हणून. कारण आता, पाण्याच्या आधी, सांगायचं असतं.

केसलरांनी त्याचे बूट-मोजे काढले आणि पाणी ओतलं.

समोर तीन कॅमेरे होते. गेलेल्या दोन बोटांची जागा मागच्या पडद्यावर केवढी मोठी दिसली. पुढच्या रांगेतली एक पोरगी रडायला लागली. पाय धुऊन झाले, पुसून झाले, केसलर उठून उभे राहिले आणि टाळ्यांची वाट बघू लागले. तिथे संपलं असतं तर मी दादाला घरी आणलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या आणि आम्ही दोघांनी गिळून टाकलं असतं. आजवर काय थोडं गिळलंय!

पण दादाला आमचा नियम माहीत होता. त्याने खुर्चीला धरून अनवाणी पाय जमिनीवर टेकले, केसलरांच्या हातातला टॉवेल घेतला, कमरेला गुंडाळला. मग एक गुडघा खाली, मग दुसरा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या पायांनी. त्याने केसलरांच्या बुटाच्या नाडीला हात घातला.

"नको, नको, भाऊ हॉरेस, बसा तुम्ही," केसलर म्हणाले. त्यांच्या कॉलरला माइक होता, सगळं ऐकू येत होतं. आणि पाय त्यांनी मागे घेतला.

दादाचा हात तसाच राहिला. मला वाटलं, तो आता उठेल. पण आपली पाळी आली की सांगायचं असतं, समोरच्याने सांगितलेलं असो वा नसो. दादाने मान खाली घातली आणि त्याचा आवाज त्या माइकमधून अख्ख्या चॅपलभर गेला.

"साठ वर्षं मी या घराचा राग धरला. तुमची फरशी पुसताना मी तुमचं वाईट चिंतलं. डॉ. मायलम मेले त्या दिवशी मला आनंद झाला. मी तुमची क्षमा मागतो."

मी ओरडले, "दादा, ऊठ!" पण गिटारवाला हळूच तारा छेडायला लागला होता, माझं कोणाला ऐकू जातंय? केसलरांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, ते ढोंग नव्हतं, त्याचाच मला जास्त संताप येतो. त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्हाला क्षमा केली आहे, भाऊ हॉरेस."

दोन हजार पोरं उठून उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यांनी क्षमा केली! त्यांनी! माझ्या भावाला!

मी जाऊन त्याला काखेत हात घालून उठवलं. केंड्रा रडत रडत त्याचे बूट-मोजे गोळा करत होती. लोक हात मिळवायला येत होते, तो प्रत्येकाला "देव तुमचं भलं करो" म्हणत होता आणि कोणाकडे बघत नव्हता. तो गाडीत बसल्यावर मी पत्र आणायला परत आत गेले. मेजावरच होतं. कोणीतरी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला होता, मेजावर डाग पडू नये म्हणून.

वाटेत दादा एकच गोष्ट बोलला. "व्हीनी, त्यांनी आधी काही सांगितलं का गं? मला अलीकडे कमी ऐकू येतं."

काय सांगणार होते मी? पहिल्यांदा मोठ्या भावाशी खोटं बोलले. म्हटलं, "गाण्याच्या आवाजात मलाही नीट कळलं नाही." त्याने मान हलवली. त्याला सगळं कळलं होतं.

केंड्राने एप्रिलमध्ये नोकरी सोडली. मेमध्ये टेकडीच्या मासिकात मुखपृष्ठावर फोटो आला. पाय धुतानाचा नाही, नंतरचा. माझा भाऊ गुडघ्यांवर, कमरेला टॉवेल, आणि डोक्यावर केसलरांचा हात.

मग ऑगस्टचा तिसरा रविवार आला. मी पाळकांना विचारून ठेवलं होतं, आज पत्र वाचायचं. उभी राहिले, चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि समोर बघितलं. म्हाताऱ्या बायका माना हलवत होत्या. पुढच्या बाकावरच्या बीटरीसच्या नवऱ्याला असंच पत्र दवाखान्यातून आलं होतं, तिच्या बहिणीला शाळेतून. इथे कोणाला वाचून दाखवायचं होतं? ज्यांनी ऐकायचं ते टेकडीवर होते. मी कागद मिटला आणि खाली बसले.

पलीकडे पुरुषांच्या बाजूला डीकन पर्व्हिस घमेलं घेऊन दादासमोर गुडघ्यांवर बसला. "हॉरेस," तो म्हणाला, "तुझी शिडी बारा वर्षं ठेवली, ती माझी चूक. सकाळी आणून तुझ्या ओसरीला लावली आहे." बाया हसल्या, मीसुद्धा हसले. मग पर्व्हिसने बुटाच्या नाडीला हात घातला.

दादाने दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.

"आज नको, पर्व्हिस," तो म्हणाला.

पर्व्हिस उठला नाही. घमेल्यातलं पाणी गार होईपर्यंत तो तसाच वाट बघत बसला होता. माझ्या भावाने बूट काढले नाहीत.