दादाचा पक्का ग्लू

आमच्या दादाला पुरेसं म्हणून काही चालत नाही, सगळं जास्तच लागतं. चहात साखर जास्त, भाषणात आवाज जास्त.

कारखाना आम्हा दोघा भावांचा, म्हणजे पाटीवर दादा आणि मशीनवर मी. वेगळं व्हायचा विषय काढला की तो म्हणायचा, "एक मोठं काम पास होऊ दे, मग तुझं मशीन घेऊन खुशाल जा."

तसं काम आलं. पितळेची चकती, पुठ्ठ्याएवढी पातळ. वाइसच्या जबड्यात आवळली तर वाकणार, म्हणून लोखंडी पाटावर चिकटवूनच कापायची. मी त्यासाठी खास मेण आणलं होतं. नंतर पाट तापवला की चकती अलगद हातात येते.

"मेण? मेणबत्त्या करायच्यात का?" दादाने नाक मुरडलं आणि दोन नळ्यांतला सगळ्यात जहाल ग्लू कालवून स्वतः फासला.

"दादा, नंतर काढायची कशी?"

"आधी धरायचं बघ. काढायला काय, कुणीही काढेल!"

मी चकती कापली. माप केसभरही चुकलं नाही. गिऱ्हाइकाने मायक्रोमीटर लावून पाहिला, मान डोलावली आणि म्हणालं, "छान. आता काढून द्या."

दादाने पातं घातलं, हातोडी हाणली, कसकसल्या द्रवांत पाट बुडवला. चकतीचा काठ मुडपला, पण ती जागची हलली नाही. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. वर दादा मला म्हणाला, "आता पुढच्या मोठ्या कामानंतर बघू." मला इतका संताप आला की मी दुपारी जेवलो नाही.

दादाला लाज? छे! कारखानदारांच्या सभेत त्याने तोच पाट मिरवला. विषय होता 'पकड'. त्याने चकतीला हिसके दिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "पण काढायची कशी?"

"हा माझा धाकटा सांगेल," म्हणत दादाने माइक माझ्या हातात कोंबला.

"ही निघत नाही," मी म्हणालो. "निघाली असती तर गिऱ्हाइकाकडे असती. इथे कशाला आली असती?"

सभागृह खो खो हसलं. दादाने माइकवर हात ठेवला आणि दात ओठ खात म्हणाला, "आता तर मशीन विसरच!"

"सकाळी तू आरशासमोर भाषण घोकत होतास ना, दादा, तेव्हाच ट्रकमध्ये चढवलं. चार बोल्ट काढले, झालं. नशीब, मशीन तू बसवलं नव्हतंस."