नितळबाबांची बाटली

हॉल खचाखच भरला होता. मागचे लोक खुर्च्यांवर चढले होते आणि मी आईचा दंड धरून गर्दीतून पुढे सरकत होते. टेबलावर दोन बाटल्या होत्या. दहा दिवसांपूर्वी नितळबाबांनी सगळ्यांदेखत एकाच पातेल्यातलं गाळलेलं सूप दोन्हींत भरलं, रबरी बूच लावून वर मधे भोक असलेला पत्रा आवळला. एक बाटली मंत्र पुटपुटत घटकाभर वाफेवर धरली, दुसरी नाही. मग दोन्ही बाबांच्या कपाटात कुलूपबंद. आज मंत्राची बाटली अगदी नितळ होती. बिनमंत्राची गढूळ, तळाशी साका.

"हिला काळ शिवला नाही," बाबा म्हणाले, "कारण आधी मी शिवलो."

लोक भारावले. बाबा दोन्ही हात कोपरांत वाकवून, बोटं वर करून छातीसमोर धरून उभे होते, म्हणून भक्तही तसेच उभे. मला हसू आलं. आमच्या डोळ्यांच्या थेंबांच्या कारखान्यात हात धुऊन निर्जंतुक खोलीत शिरताना आम्ही असेच उभे राहतो, कशाला हात लागू नये म्हणून. सतरा वर्षं मी त्याच खोलीत काढलीत. बाबा असल्याच कुठल्यातरी कारखान्यातून शिकून आले होते.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आज पाचवा दिवस. हॉस्पिटलचे थेंब चुरचुरतात म्हणून दादाने ते सकाळीच बंद केले होते, आणि आता बाबांचं पाणी तिच्या डोळ्यात पडणार होतं. घरी मी घसा कोरडा केला. दादा म्हणाला, "तुझा कारखानाही वाफेनेच शुद्ध करतो ना? मग तुमचं खरं आणि बाबांचं खोटं कसं?" प्रश्न वावगा नव्हता. त्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये होतं.

आमचा नंबर आला. बाबांनी पाण्याची छोटी बाटली पुढे केली.

"थांबा," मी म्हणाले. "यातले चार थेंब आधी तुमच्या नितळ बाटलीत घालू. पाणी शुद्ध असेल तर ती नितळच राहील."

"शंकेने शक्ती जाते, ताई."

"आम्हाला शंका घ्यायचाच पगार मिळतो. आम्ही तर मुद्दाम जंतू घालून बघतो, बाटली गढुळते की नाही ते."

दादाने मला मागे ओढलं. "अगं, चारचौघांत शोभा करू नकोस."

तेवढ्यात काळ्या चष्म्याआडून आई बोलली, "बाबा, माझ्या डोळ्यात चालतं, मग बाटलीत का चालत नाही?"

"बाटलीला श्रद्धा नसते, आई."

"डोळ्याला तरी कुठे असते? श्रद्धा माझी. डोळा तो डोळाच."

कोणीतरी फिसकन हसलं. बाबांचा हात नितळ बाटलीकडे गेला, पण पुढच्या रांगेतल्या शिंप्याने ती आधीच उचलली होती. तो भक्तच होता. म्हणाला, "घाला ताई. बाबांचंच नाव होईल."

मी निर्जंतुक सुईने बुचातून बाबांच्या पाण्याचे चार थेंब आत सोडले. मग पर्समधून माझी बाटली काढली. दादाने पहिल्या दिवशी कौतुक सांगितलं तेव्हाच मी ती करून ठेवली होती. तसंच सूप, घरचा कुकर, मंत्राऐवजी शिट्ट्या. तिच्यात दुसरी सुई नुसती टोचली, आत काही घातलं नाही; बाटली सुईनेच बिघडली असं कोणी म्हणायला नको. दोन्ही बाटल्या शिंप्याच्या दुकानात काचेमागे राहिल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा.

"तोवर माझे चुरचुरणारेच थेंब बरे," आई म्हणाली.

पुढचे दोन दिवस मी दहादा त्या दुकानावरून गेले. चार थेंबांत जंतू नसलेच तर? तेही शक्य होतं. मग आईला मी कोणत्या तोंडाने अडवणार होते? भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांची बाटली गढुळली होती. माझी नितळ होती.

लोक हॉलवर गेले तेव्हा बाबा पसार झाले होते. कपाटात सापडला पत्रा आवळायचा चिमटा आणि पाच लिटरचा कुकर. उघड्या वाफेवर घटकाभर धरून सगळे जंतू मरत नाहीत. कुकरमध्ये वाफ कोंडते, उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापते, आणि तशी वीसेक मिनिटं टिकली की चिवट जंतूही मरतात. कुलूप लावल्यावर बाबांनी दोनातली एक बाटली गुपचूप कुकरमध्ये घातली होती, एवढाच तो चमत्कार. डोळ्यात घालायचं पाणी मात्र साधं नळाचं. त्याला कुकरही लाभला नव्हता.

आईने गढूळ बाटली उजेडात धरली. "हे घालणार होतास ना रे माझ्या डोळ्यात?"

दादा उठला, साबणाने हात धुऊन आला, कशाला हात लागू न देता ते छातीसमोर धरून. आईच्या थेंबांची वेळ झाली होती. थेंब नेमका पडला.

तुम्हालाही कोणी अशी नितळ बाटली दाखवील. हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की कपाटाची किल्ली कोणाकडे होती.