तिसरा चौकोन

"आजपासून या शाळेतलं एकही मूल मागे राहणार नाही! शिकण्याची जबाबदारी आता एकाची नाही, तिघांची आहे!" मुख्याध्यापकांनी अशी गर्जना केली आणि नवं युग तिथल्या तिथे सुरू झालं असतं, पण स्टेपलरमधल्या पिना संपल्या आणि युग पंचवीस मिनिटं खोळंबलं.

पिना आल्यावर 'संयुक्त जबाबदारी पत्रक' वाटलं गेलं. 'धडा वाचून झाला' या ओळीखाली तीन चौकोन. पहिला शिक्षकांचा, दुसरा पालकांचा, तिसरा विद्यार्थ्याचा. दर आठवड्याला तिघांनी सह्या करायच्या.

पाचवीपासून तोच वर्ग घेऊन सहावीत आलेल्या बाईंकडे मुलं त्रेपन्न. एकेकाचं वाचन ऐकायचं तर बाईंना शाळेतच अंथरूण टाकावं लागलं असतं. म्हणून त्या आधी सह्या ठोकायच्या, मग पत्रकं वाटायच्या. घरी पालक म्हणायचे, बाईंनी सही केलीय म्हणजे ऐकलंच असणार. पत्रकं परत आली की बाई म्हणायच्या, घरी लक्ष आहे हो लोकांचं. दोन वर्षं सगळं असं गोडीगुलाबीनं चाललं होतं.

या आठवड्यात छापखान्यानं चौकोनांची अदलाबदल केली. पहिला विद्यार्थ्याचा, तिसरा शिक्षकांचा. बाईंनी सवयीनं त्रेपन्न सह्या पहिल्याच चौकोनात केल्या. दुसऱ्या दिवशी बावन्न मुलं दात काढत टेबलाशी आली. "बाई, तुम्ही विद्यार्थी झालात!"

एक आली नाही. शनिवारी तिचं पत्रक आलं, नीट भरलेलं. शिक्षकांच्या चौकोनात तिची वळणदार सही.

वर्ग तिला बडबडी म्हणायचा. धडे ती घडाघडा म्हणायची. शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं.

"काय गं, माझ्या जागी सही? आता पगारही तूच घे."

"चुकलं का, बाई? माझा तिसरा असतो."

"अगं, खाली लिहिलंय ना कुणाचा ते. वाच."

बडबडीनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. बाईंनी फळ्यावरचा एक शब्द दाखवला, मग त्याहून सोपा, मग नुसतं एक अक्षर. प्रत्येक वेळी बडबडीनं नकारार्थी मान हलवली.

"धडे कसे म्हणतेस मग?"

"बाकीचे वाचतात ना, ते ऐकून पाठ होतात."

"घरी सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही. सह्या होत्या ना सगळ्यांच्या."

बाई खुर्चीत बसल्या. "घरी कधीच काही वाचावं लागत नाही?"

"आजोबांच्या गोळ्यांच्या बाटल्या. त्यांना दिसत नाही आणि बाबा कामात, म्हणून मीच देते. पण ते झाकणावरून कळतं. निळं सकाळी, लाल झोपताना." ती थांबली. "सोमवारी नव्या बाटल्या आल्या. झाकणं सगळी पांढरीच."

"मग?"

"मग डावीकडची सकाळी, उजवीकडची झोपताना."

"आजोबा बरे आहेत ना?"

"एकदम. झोपूनच असतात."

बाईंनी पर्स उचलली नाही, छत्रीही नाही. तिचा हात धरला आणि निघाल्या.

दारातच बडबडीचे वडील डोळ्याला भिंग लावून घड्याळ दुरुस्त करत होते. भिंतीवर पंधरा घड्याळं, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं.

"बाई, तुम्ही? काय केलं हिनं?"

"तुमचे वडील कुठे आहेत?"

"आत, झोपलेत. हल्ली तक्रार म्हणून नाही बघा. दोन दिवस एक अक्षर बोलले नाहीत." हे त्यांनी अगदी समाधानानं सांगितलं.

आत म्हातारा तोंड उघडं टाकून पडला होता. उशाशी चहावर साय धरली होती. बाईंनी डावीकडची बाटली उचलून मोठ्यानं वाचली, "फक्त झोपताना. अर्धी गोळी."

"मी अख्खी देते," बडबडी हळूच म्हणाली. "रोज सकाळी."

भिंग खाली पडलं. वडिलांनी डॉक्टरांना फोन लावला. श्वास नीट चाललाय ना, डॉक्टरांनी विचारलं. आता झोपू देऊ नका, उठवून बसवा, बाटल्या जवळ ठेवा, दहा मिनिटांत पोचतो.

फोन ठेवला आणि वडील बाईंकडे वळले. "दोन वर्षं तुमची सही बघून मी सही केली!"

"आणि मी तुमची बघून!"

"घरचं मूल तुमच्याकडे सहा तास असतं!"

"आणि अठरा तास कुणाकडे असतं?"

"माझीपण सही आहे," बडबडी म्हणाली आणि रडायला लागली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. पलंगाकडेही नाही.

पलंगावर एक डोळा अर्धवट उघडला.

"भांडा नंतर," आजोबा जड जिभेनं म्हणाले. "तिघांपैकी कुणीतरी एकानं मला आधी बाथरूमपर्यंत न्या."