मामांचा दहावा साडू

ऑफिसात टेबलं पाच, खिडकी एक आणि छतात थंड हवेची जाळी एक. जाळीच्या बरोबर खालचं टेबल नवीचं. कामाला लागून तिला एकवीस दिवस झाले होते; त्यांतले अठरा तिने गळ्याला मफलर गुंडाळून काढले होते. इमारतींना मोजूनमापून हवा पुरवणाऱ्यांच्या स्वतःच्या ऑफिसात ही तऱ्हा!

खिडकीजवळची उबदार जागा मामांची. मामा म्हणजे तिथले सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन. डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे पत्र्याचे बोगदे, काढण्यात सव्वीस वर्षं घालवलेले. सॉफ्टवेअरमध्ये डक्टच्या प्रत्येक प्रकाराला नाव द्यावं लागतं. मामांनी नातेवाइकांची दिली होती. गोल डक्ट म्हणजे मावशी, लंबगोल म्हणजे आत्या, चौकोनी म्हणजे साडू. साडू नऊ प्रकारचे होते. कुणी विचारलंच तर मामा म्हणत, "आमच्या साडूला कोपरेच फार, त्याला मी काय करू?"

सोमवारी साहेबांनी एका दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्याची यादी मागितली. डक्ट एकूण चारशे बारा. त्यांत गोल किती, चौकोनी किती, लंबगोल किती? गुरुवारी यादी पत्र्याच्या कारखान्यात जायची होती.

"मी प्रोग्रॅम लिहून काढते," नवी म्हणाली.

"आणि मी पेन्सिलीने मोजतो," मामा म्हणाले. "तुझा आकडा बरोबर निघाला तर खिडकी तुझी, भाचीबाई."

"चुकला तर?"

"तर वर्षभर त्या जाळीबद्दल अवाक्षर काढायचं नाही."

"साहेब, ऐकलंत ना?" नवीने साक्षीदार पक्का केला.

नावांवर विसंबायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. मामांच्या नातेवाइकांचा काय भरवसा? तिने प्रोग्रॅमला सांगितलं: डक्टला व्यास असेल तर गोल, रुंदी आणि उंची असेल तर चौकोनी. बुधवारी उत्तर आलं. गोल १३९, चौकोनी २७३, लंबगोल शून्य.

मामांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अगं, माझ्या तेवीस आत्या कुठे पळवल्यास?"

नवीचे कान तापले. त्या टेबलावर ही नवलाईच. लंबगोल डक्टलाही रुंदी आणि उंची असते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवसभर तिने सॉफ्टवेअरची माहिती पिंजून काढली, तेव्हा गोम सापडली. डक्टच्या टोकाला जोडणीसाठी तोंड असतं, आणि आपला आकार कोणता याची त्या तोंडापाशी वेगळी नोंद असते. मापांवरून अंदाज कशाला बांधायचा? सरळ तोंडालाच विचारायचं.

गुरुवारी प्रोग्रॅम म्हणाला: गोल १३९, चौकोनी २५०, लंबगोल २३. मामांच्या कागदावर होतं: गोल १३८, चौकोनी २५१, लंबगोल २३.

"एकाने हुकलीस गं," मामा गोड आवाजात म्हणाले. "अजून एक मफलर आणून देऊ का?"

"मामा, तुम्ही मोजलंत कसं?"

"कसं म्हणजे? वरून बघितलं तर गोल काय नि चौकोनी काय, दोन रेघाच दिसतात. शेजारी नाव असतं, ते वाचायचं आणि टिंब द्यायचं."

नवीने प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या: प्रत्येक डक्टचं तोंड आणि नाव ताडून बघ. न जुळणारा डक्ट एकच निघाला. त्याचं नाव होतं "साडू १०".

"साडू नऊच होते ना?" साहेबांनी विचारलं.

मामा एकदम खिडकीबाहेर बघू लागले. नवीने तो डक्ट पडद्यावर आडवा कापून दाखवला. आत स्वच्छ वर्तुळ.

"मामा?"

"सोमवारी केलं मी ते," मामा पुटपुटले. "म्हटलं, हिचा प्रोग्रॅम नावं वाचणार. म्हणून एका मावशीला साडू करून ठेवलं."

"मग मोजताना?"

"मोजताना विसरलो."

साहेबांना हसता हसता ठसका लागला. नवीने मफलर सोडला, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी मामांपुढे धरला. मामांनी तो घेऊन गळ्याला गुंडाळला.

साडेतीनला तिने दोन्ही टेबलांवर थर्मामीटर ठेवून पाहिला. खिडकीजवळ तिच्या नव्या टेबलावर पंचवीस अंश, जाळीखाली मामांच्या टेबलावर साडेअठरा.