शंखातले पाहुणे

त्या उन्हाळ्यात सगळं लातूर घागरी, कॅन, तेलाचे डबे, हाताला लागेल ते घेऊन पाण्यामागे पळत होतं. पाणी रेल्वेने येत होतं, मिरजेहून. आणि उदगीरच्या शरणप्पाने नेमकं तेव्हाच घरात मासे पाळायचं काढलं. आता बोला! ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासळीबाजाराच्या गल्लीतून चाललं नव्हतं, तो लिंगायत कापडदुकानदार मासे पाळणार! लोक हसले. हसेनात का. माणसाला हौस नव्हती, घोर लागला होता.

घोर बायकोचा. गुरम्माला महाशिवरात्रीच्या आठवड्यात झटका आला आणि डावं अंग गेलं. उदगीर जिल्हा होणार, जिल्हा होणार, म्हणून दर सव्वीस जानेवारीला उदगीरकर कान लावून बसायचे. जिल्हा काही झाला नाही, आणि जिल्ह्याबरोबर येणारा मोठा दवाखानाही आला नाही. मग लातूरच गाठावं लागलं. शरणप्पाने दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घातलं आणि दवाखान्याजवळ पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

तीस वर्षं गुरम्मा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली. कोण आलं, कोण नुसतं हात लावून गेलं, कुणाची पोर लग्नाची झाली, सगळं त्या बाईच्या डोळ्यांत असायचं. आता त्या डोळ्यांसमोर एक पिवळी भिंत. व्यायाम घ्यायला बाई यायची, "आजी, उठून बसा बरं," म्हणायची, की गुरम्मा डोळे मिटून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "अंग येईल परत. पण त्यांनी मनावर घेतलं पाहिजे." मनावर घ्यायला मन जाग्यावर पाहिजे ना!

एक दिवस सकाळी ती आपणहून बोलली. "त्या दवाखान्यात काचंच्या पेटीत मासे होते की न्हाई? तसं काहीतरी हलतं पाहिजे समोर. भिंत बघून बघून जीव आंबला माझा."

"आणतो की!" शरणप्पा चटकन म्हणाला.

ती म्हणाली, "आणा. ते जगले तर मी उठते. मेले तर मला गुमान पडू द्या. मग त्या व्यायामवालीला घरात आणायचं न्हाई."

गुरम्मा बोलली की बोलली. दुकानात एकदा सांगितलेला भाव तिने कधी बदललेला नव्हता.

उद्धव सर हे कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होते आणि घरातल्या पुढच्या खोलीत मासे विकायचे. शरणप्पा दारातून आत आला तो थेट निळ्या-पिवळ्या माशांच्या मोठ्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. काय रंग ते! नव्या साडीचा गठ्ठा फोडल्यासारखे.

"हेच द्या सर. लई झकास हायत."

"काका, आधी पाळलेत का कधी?"

"न्हाई बा. पहिलीच खेप."

"मग हे नकोत. हे आफ्रिकेतल्या तळ्यातले मासे. दिसायला गोजिरे, पण भांडखोर. चार फुटांची टाकी लागते, नाहीतर एकजण बाकीच्यांना मारून टाकतो."

'मारून टाकतो' ऐकताच शरणप्पा दोन पावलं मागे सरकला. "सर, मला न मरणारे द्या," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज असा काही कापला की उद्धव सरांनी हातातली जाळी खाली ठेवली आणि त्याला स्टूल दिलं. मग त्याने सगळं सांगून टाकलं, गुरम्माचं बोलणंसुद्धा.

सर उठले. त्याला कोपऱ्यातल्या लहान टाकीकडे घेऊन गेले. आत वाळू, आणि वाळूत गोगलगायींचे रिकामे शंख. "बघा आता."

शरणप्पाला काहीच दिसेना. मग एका शंखातून बोटाच्या पेराएवढं काहीतरी बाहेर आलं. राखाडी अंग, त्यावर उभे बारीक पट्टे. आमच्या दुकानातून असलं कापड चड्ड्या शिवायला नेतात, असं त्याच्या मनात आलं, पण तो बोलला नाही.

"हेही आफ्रिकेचेच. वाढून वाढून दीड इंच. दोन फुटांच्या टाकीत सहाजण सुखाने राहतात. प्रत्येकाला आपापला शंख, म्हणून भांडण कमी. दिवसभर तोंडाने वाळू उपसतात, घर आवरतात. काकूंना बघायला तुमच्या त्या रंगीत पहिलवानांपेक्षा यांच्यात जास्त मजा आहे. आणि मुख्य म्हणजे," सर हसले, "आपलं लातूरचं पाणी यांना मानवतं."

हे शेवटचं वाक्य शरणप्पाने ऐकलं, पण डोक्यात घेतलं नाही. माणूस घाबरलेला असला की त्याचं असंच होतं.

टाकी सरांनी स्वतः येऊन लावली, गुरम्माच्या खाटेच्या उजव्या अंगाला, हात लांब केला तर पोचेल अशी. इमारतीच्या बोअरचं पाणी भरलं, आपल्या टाकीतला जुना स्पंज फिल्टरमध्ये घातला आणि बजावलं, "पंधरा दिवस मासे नाहीत. नुसती चालू द्या." शंखांची सोय दुष्काळानेच केली. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि चिखलात मेलेल्या गोगलगायींचे शंख नुसते पसरले होते. शरणप्पा टमटमने जाऊन पिशवी भरून घेऊन आला. हाडांसारखी वस्तू हातात धरताना तो "शिवा शिवा" म्हणत होता. गुरम्माने त्यातले बारा निवडले. उजव्या हाताने, एकेक उलटसुलट करून, कापड पारखावं तसे. शरणप्पाला इतकं बरं वाटलं की त्याने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आणि मग शहाण्याने घोळ घातला.

मासे यायच्या पाच दिवस आधी त्याने टाकीकडे नीट बघितलं. काचेवर पाण्याच्या रेघेशी पांढरं पुट चढलेलं. बोअरचं पाणी ते! त्याने बादल्या पांढऱ्या होतात, डाळ शिजत नाही, अंगाला खाज सुटते, गुरम्माचे केस त्यानेच गेले. असल्या पाण्यात पाहुण्याला ठेवायचं? घरात फिल्टरच्या गोड पाण्याचे जार यायचे, रोज एक. त्यातलंच पाणी तो रोज सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेला घ्यायचा. बोअरचं पाणी लिंगावर घालायची त्याला लाज वाटायची. जे देवाला ते जिवाला, एवढा साधा हिशेब त्याने केला. चार दिवस स्वतः बोअरचं खारट पाणी प्यायला, जार साठवले, टाकी रिकामी केली, काच, वाळू, शंख घासून लख्ख केले आणि काठोकाठ गोड पाणी भरलं. उपसलेलं पाणी अर्थात फेकलं नाही. त्या वर्षी लातुरात पाणी फेकणारा माणूस शोधून सापडला नसता. संडासासाठी निळ्या पिंपात ओतून ठेवलं.

उद्धव सरांच्या मुलीची परीक्षा होती, म्हणून मासे पिशवीत घालून शरणप्पाच घेऊन आला. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली, मग सोडले. सहाजण. गुरम्माने बोटाने मोजले.

पहिल्या दिवशी ते शंखात लपले. सर म्हणालेच होते, लपतील. दुसऱ्या दिवशी बाहेर आले, पण वाळू उपसेनात. कल्ले फडाफडा हालत होते, पंख अंगाला चिकटलेले. शरणप्पाचा जीव टांगणीला लागला. त्याला वाटलं, पाणी शिळं झालं असेल. मग थोडं उपसून अजून एक जार ओतला. बाप रे बाप, काय म्हणावं या माणसाला! जितकं ते आजारी, तितकं हा गोड पाणी पाजतो.

सोमवारी पहाटे एक मासा वाळूवर आडवा पडला होता. गुरम्मा झोपेत होती. त्याने चहाच्या गाळणीने मासा काढला, गॅलरीतल्या कुंडीच्या मातीत पुरला, हात धुऊन पुन्हा धुतले आणि ती जागी झाल्यावर विचारायच्या आधीच म्हणाला, "एकजण शंखातून बाहेरच येईना आज. लई लाजरा हाय."

"हाव," गुरम्मा म्हणाली. एवढंच.

दोन दिवस तो जेवला नाही धड. सरांना फोन करायचा तर काय सांगायचं? न मरणारे दिले आणि मी मारले? बुधवारी दुपारी मात्र दुसरा मासा पाण्याच्या वर येऊन तोंड वासायला लागला, तेव्हा त्याने जिन्यात जाऊन फोन लावला.

"पाणी कोणतं आहे?" सरांनी पहिलं तेच विचारलं.

"पाण्याची बिलकुल फिकीर करू नका सर! एकदम चांगलं. जारचं. तुमचं ते खराब पाणी मी सगळं काढून टाकलं."

मग सर म्हणाले, "काका, अहो काका, हे काय केलंत! ते मासे ज्या तळ्यातले आहेत तिथलं पाणी असंच असतं, आपल्या बोअरसारखं जड, क्षाराचं. त्यातच ते जगतात. जारच्या पाण्यात काही नसतंच. उपाशी ठेवल्यासारखं झालं त्यांना."

शरणप्पा जिन्याच्या पायरीवर बसला. स्वतः तहानलेला राहून त्याने त्यांना मारत आणलं होतं.

"आता एकदम बदलू नका, दगावतील. दर तासाला एक पेला जारचं काढा, एक पेला बोअरचं घाला. उद्या रात्रीपर्यंत. तास चुकवू नका."

"बोअर शनिवारीच आटला सर. हवा फेकून राहिलाय नुसती."

"मग शेजारीपाजारी बघा कुणाकडे साठवलेलं…"

आणि शरणप्पाला निळं पिंप आठवलं. तो धावला. जिना कसा चढला त्याचं त्याला ठाऊक. पिंपात तळाला दोन बादल्या पाणी उरलं होतं. तो पिंपाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बसवेश्वरा, तूच रे बाबा."

गुरम्माला तो एवढंच बोलला की पाणी थोडं बदलायचं आहे, दर तासाला एक पेला. तिने काही विचारलं नाही. दोन वाजता पहिला पेला. तीनला दुसरा. पावणेचारला खाली आरडाओरड झाली. टँकर! सहा दिवसांनी आलेला. सोडला तर घरात वापरायला थेंब नाही. गेला तर चारचा पेला चुकणार. शरणप्पाने दाराकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, भरलेला पेला टाकीच्या कडेला ठेवला, शेजारी पाणी काढायचा रिकामा. "आलोच मी, दहा मिनिटांत," म्हणत घागरी घेऊन उतरला.

टँकरच्या रांगेत दहा मिनिटं कधी कुणाला पुरलीत? पाइपवरून दोघींचं जुंपलं, मग पोलीस आला, मग रांग पुन्हा पहिल्यापासून. शरणप्पा मान वर करून खिडकीकडे बघत होता आणि मनात तास मोजत होता. चार वाजले. सव्वाचार. नंबर लागला तेव्हा साडेचार होत आले होते. दोन घागरी घेऊन तो वर आला.

भरून ठेवलेला पेला रिकामा होता.

खाटेवरची चादर अर्धी भिजली होती. उशी खाली पडली होती. आणि गुरम्मा बसली होती. भिंतीला पाठ टेकून, वाकडीतिकडी, डावा हात मांडीवर लोंबता, कपाळावर घाम. पण बसली होती, कुणी न बसवता.

"निम्मंच घातलं आत," ती धापा टाकत म्हणाली. "निम्मं सांडलं. आधी एक पेला काढला बरं का, तुमी काढत होता तसा."

शरणप्पाच्या हातातल्या घागरी तशाच. टाकीत एका शंखाच्या तोंडाशी एक पट्टेरी डोकं होतं, आणि त्या डोक्याने तोंडभर वाळू उचलून बाजूला थुंकली.

"तो लाजरा न्हाई आला बाहेर?" गुरम्माने विचारलं.

"येईल," शरणप्पा म्हणाला. "येईल की."

"पाच हायत ते. सोमवारपासून पाचच हायत." तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तीस वर्षं गल्ल्यावर बसले मी, मला मोजता येत न्हाई का? गाळणी वाजली तेव्हाच जागी झाले होते."

आता मात्र घागरी खाली ठेवाव्या लागल्या. "मग… मग तू बोलली का न्हाईस? तू म्हणली होतीस, मेले तर…"

"म्हणले होते." तिने भिजलेली चादर मांडीवरून बाजूला सारली. "तुमी कुंडीपाशी बसून रडत होता. मान वळवली की खिडकीतून दिसतं मला सगळं. मग कसं बोलायचं?"

शरणप्पा भिजल्या चादरीवरच तिच्या शेजारी बसला. वाळू उपसणाऱ्याने अजून एक घास बाजूला टाकला, दुसरा शंखातून डोकावून आत गेला.

"पुढचा पेला किती वाजता?" तिने विचारलं.

"पाचला."

"चादर बदला तोवर," गुरम्मा म्हणाली. "आणि पाचला मला बसवायला येऊ नका. माझी मी बसते."